हरभऱ्याच्या झाडावर चढवणारी पत्रे आणि स्वखर्चाने पुस्तक काढणारे आपण

पुळणीवरचा (वेंगुर्ले तालुका)

नमस्कार. या धाग्यात माझी स्वतःची फजिती सांगायची असल्यामुळे तो काढावा की नाही, या विचारात आठ दिवस गेले. परंतु गेल्या महिन्याभरात ओळखीच्या दोन लेखकांनी मला जवळजवळ त्याच नमुन्याची पत्रे दाखवली आणि त्यांपैकी एकजण तर पैसे भरण्यासाठी कार्ड हातात घेऊन बसला होता, तेव्हा लाज बाजूला ठेवून लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वी मी स्वखर्चाने एक लहान पुस्तक काढले. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्या माणसांच्या आठवणी त्यात आहेत. घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो, की रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात, पुळणीवर उभी राहिलेली माणसे त्याचे दोन्ही बाजूंचे दोर ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे मग वाटे पडतात. पाने ११२, प्रती ३००, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक अजून माळ्यावर आहेत. भाच्याच्या आग्रहामुळे ई-पुस्तकही काढले. विक्रीच्या पानावर मराठी परिचयाखाली त्याने इंग्रजीत चार ओळी घातल्या, त्या साधारण अशा: रापण ओढणाऱ्या हातांची, भिजलेल्या दोरांची आणि वाट्यांच्या हिशेबाची ही गोष्ट आहे. या चार ओळी ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढचे सगळे रामायण त्यांतूनच घडले.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास मला एक इंग्रजी ईमेल आले. लिहिणाऱ्या बाईंनी आपण इंग्लंडमधल्या एका वाचकमंडळाच्या समन्वयक असल्याचे सांगितले होते आणि मंडळाचे सभासद दोन हजार असल्याचे कळवले होते. पत्र पाच परिच्छेदांचे होते. माझ्या पुस्तकावर आजवर कोणी पाच वाक्येही लिहिलेली नाहीत. त्यात माझ्या 'संयत शैली'विषयी होते, 'श्रमाच्या काव्या'विषयी होते, समुद्रातून उगवणाऱ्या सूर्याविषयी होते आणि विशेषकरून 'रापण या तुमच्या नायकाच्या मूक निर्धारा'विषयी होते. भिजलेले दोर म्हणजे म्हणे नायकाला मागे खेचणारा समाज.

आता हे वाचून कोणीही हसेल. रापण हे जाळे आहे आणि कोकणात सूर्य समुद्रातून उगवत नाही, तो सह्याद्रीच्या मागून वर येतो आणि समुद्रात बुडतो. हे मला त्या क्षणीही कळत होते. पण मनाने लगेच वकिली सुरू केली, की बाई परदेशी आहेत, भाषांतरातून वाचत असतील, एखादा शब्द इकडचा तिकडे व्हायचाच. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालून झाड कोण हलवतो आहे, हे दिसत नाही.

मी आभाराचे उत्तर पाठवले. दुसरे पत्र तासाभरात आले आणि त्यात माझ्या उत्तरातलीच वाक्ये निराळ्या शब्दांत मला परत मिळाली होती. तिसऱ्या पत्रात मी विचारले, की पुस्तक मराठीत आहे, तर आपले सभासद ते कसे वाचणार? सभासदांसाठी भाषांतराची सोय आहे, असे उत्तर आले. चौथ्या पत्रात पैशांचा विषय निघाला. सभासदांचे वर्गणीचे ओझे कमी राहावे म्हणून निवडलेल्या लेखकाने १२० डॉलरचे 'नाममात्र सहकार्य' करायचे, त्यात पुस्तकाचे भित्तिपत्रक आणि एक छोटी चित्रफीत मिळेल, आणि रक्कम मंडळाकडे नव्हे, तर त्यांच्या 'रचनाकारा'च्या (डिझायनरच्या) नावे एका कामे देण्या-घेण्याच्या संकेतस्थळावरून भरायची. रचनाकाराचे नाव निराळेच होते. मी कार्डाने पैसे भरले आणि खात्यातून साडेदहा हजारांच्या आसपास रक्कम गेली.

दोन दिवसांत भित्तिपत्रक आले. त्यात चार धिप्पाड पुरुष दोर ओढत होते आणि त्यांच्या डोक्यावर माझ्या पुस्तकाचे नाव असावे, अशी जागा होती. अक्षरांना शिरोरेघ होती, काने होते, मात्रा होत्या, परंतु शब्द मात्र एकही लागत नव्हता. मी ते चष्मा लावून, चष्मा काढून, फोन आडवा धरून पाहिले. त्याच संध्याकाळी पन्नास सभासदांच्या 'हमखास परीक्षणां'साठी आणखी २६० डॉलर मागणारे पत्र आले.

तेही मी दिले असते, हे कबूल करतो. जेवताना मी हे सारे मंडळींच्या कानावर घातले. तिने भाकरी तव्यावर टाकता टाकता एवढेच विचारले, की दोन हजार माणसे वाचताहेत, तर एकाने तरी पुस्तक विकत घेतले का? मी उठून ई-पुस्तकाच्या विक्रीचा तक्ता पाहिला. त्या तीन आठवड्यांत एकही प्रत गेलेली नव्हती.

माझे प्रश्न दोन आहेत. अशी पत्रे आणखी कोणाला आली आहेत का? आणि गेलेल्या पैशांचे काही करता येते का?

माजी_ग्रंथपाल (रत्नागिरी)

आपण हे मोकळेपणाने लिहिलेत, हे फार चांगले केलेत. आपल्या मंडळींनी विचारलेला प्रश्न मी आता भिंतीवर लिहून ठेवणार आहे.

वाचकमंडळ कसे चालते, हे मी नोकरीच्या काळात जवळून पाहिले आहे. आमच्या रत्नागिरीत १८२८ पासूनची वाचनालयाची परंपरा आहे. एखादे पुस्तक चर्चेला घ्यायचे ठरले, की पहिली अडचण असते ती प्रतींची. बारा माणसे आणि प्रती तीन, मग कोणी कोणाकडून केव्हा घ्यायची याची वही ठेवावी लागते, त्यावरून रुसवेफुगवे होतात. खऱ्या मंडळाचे पहिले पत्र 'आपल्या पुस्तकाच्या प्रती कुठे मिळतील आणि काही सवलत द्याल का' असे असते. प्रतींची गोष्टच न काढणारे वाचकमंडळ म्हणजे तांदळाची चौकशी न करणारी खानावळ.

तथापि, ही लबाडी साता समुद्रापलीकडूनच येते, असे कोणी समजू नये. 'आपल्या साहित्यकृतीची राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे, सन्मानचिन्ह व नोंदणीशुल्कापोटी अमुक रुपये पाठवावेत' ही पत्रे मी पोस्टकार्डाच्या जमान्यापासून पाहत आलो आहे. पूर्वी त्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुकांवरून ती ओळखू येत. 'हार्दीक अभीनंदन' असे दिसले, की आम्ही ते कार्ड सरळ रद्दीत टाकत असू. आता तीच पत्रे व्हॉट्सॲपवर निर्दोष, किंबहुना जरा जास्तच गोड मराठीत येऊ लागली आहेत. ऱ्हस्व-दीर्घाचा पहारा होता, तो उठला.

एक गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. इंग्रजी जगात लेखकांना सावध करणारे एक जुने सूत्र आहे, त्याला 'योगचा नियम' म्हणतात: पैसा लेखकाकडे यायला हवा, लेखकाकडून जायला नको. सूत्र सोपे आहे, पण मराठीत ते लावायचे कसे? आपल्याकडे कवितासंग्रह काढणारा माणूस छपाईचा खर्च स्वतः उचलतो, किंवा दोनशे प्रती विकत घेण्याच्या बोलीवर प्रकाशक मिळवतो, परीक्षणाच्या प्रती टपालखर्चासह स्वतः पाठवतो आणि प्रकाशनसमारंभाच्या चहा-बटाटेवड्याचे बिलही तोच भागवतो. पैसे देण्याची आपल्याला इतकी सवय आहे, की १२० डॉलर मागितल्यावर आपल्या मनात घंटा वाजतच नाही, फक्त 'परवडेल का' एवढाच प्रश्न येतो. या सवयीमुळे मराठी लेखक या लोकांसाठी आयते सावज आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी स्वतःपुरती एक निराळी कसोटी ठेवली आहे. पैसे घेणाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसता येईल का? छापखान्यात मी जाऊन बसू शकतो, फर्मे पाहू शकतो, प्रती मोजून घेऊ शकतो, पावती मागू शकतो. जिथे बसायला ओसरी नाही आणि मोजायला वस्तू नाही, तिथे खिशात हात घालू नये. शंका आली तर आपल्या तालुक्यातल्या लिहित्या माणसांना आधी विचारावे. १९९१ मध्ये मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने कोकण मराठी साहित्य परिषद उभी राहिली, तिच्या शाखांमध्ये विचारण्याजोगी माणसे भेटतात. एक फोन लागतो.

भरती_ओहोटी (मूळ दापोली, सध्या पनवेल)

माझे काम संगणक-सुरक्षेशी संबंधित असल्यामुळे या पत्रांची बनावट कशी असते, ते थोडे सविस्तर लिहितो.

ही पत्रे लिहायला कोणी माणूस बसत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर अशी अनेक साधने सहज हाताशी आली. एक लहानसा प्रोग्रॅम पुस्तकविक्रीच्या पानांवरून शीर्षक, परिचय, असलीच तर परीक्षणे आणि लेखकाचा पत्ता उचलतो, तो मजकूर भाषाप्रारूपाला, म्हणजे सांगू तसा मजकूर लिहून देणाऱ्या यंत्राला देतो आणि 'या पुस्तकाने भारावलेल्या वाचकाचे पत्र लिही' अशी आज्ञा करतो. प्रारूपापुढे पुस्तक नसतेच, असतो तो परिचय. म्हणून स्तुतीचा प्रत्येक धागा परिचयातल्या शब्दांपर्यंत मागे नेता येतो. पुळणीवरचा यांच्या भाच्याने लिहिलेल्या चार ओळींत हात, दोर, वाटे आणि रापण एवढेच शब्द होते आणि पाच परिच्छेद त्यांच्यावरच उभे राहिले. रापण या शब्दाचा अर्थ त्या ओळींत नव्हता, वाक्यातली त्याची जागा माणसाच्या नावाला शोभेल अशी होती, म्हणून यंत्राने त्याचा नायक केला. समुद्राच्या वर्णनात सूर्योदय तर ठरलेलाच, कारण किनारा पश्चिमेकडचा आहे याचा विचार करायला कोणी नव्हते.

पूर्वी अशी लबाडी करायला माणसे लागत. अमेरिकेतल्या एका खटल्यातले आरोप पाहा: फिलिपाइन्समधल्या कॉल सेंटरच्या साहाय्याने, २०१७ ते २०२४ या काळात, पुस्तकावर चित्रपट काढू किंवा मोठ्या प्रकाशकाकडे पोहोचवू अशी आशा दाखवून ८०० हून अधिक लेखकांकडून सुमारे ४.४ कोटी डॉलर उकळले गेले. त्यांत वृद्ध मंडळी पुष्कळ होती. तिथे निदान फोनवर बोलणाऱ्यांचे पगार द्यावे लागत असतील. आता हजार लेखकांना हजार निरनिराळी, व्यक्तिगत वाटणारी पत्रे पाठवण्याचा खर्च नगण्य झाला आहे, म्हणूनच ३०० प्रती काढणारा लेखकही त्यांच्या यादीत येतो. आपण लहान आहोत, आपल्याला कोण फसवणार, हा दिलासा आता उरलेला नाही.

लेखकांना सावध करणारे 'रायटर बिवेअर' हे अमेरिकी व्यासपीठ १९९८ पासून अशा प्रकारांची नोंद ठेवत आले आहे. २०२५ मध्ये तिथे खोट्या वाचकमंडळांविषयी सविस्तर लिहिले गेले. त्यातला साचा इथल्या अनुभवाशी तंतोतंत जुळतो: स्तुती, मग 'नाममात्र' रक्कम, आणि ती घ्यायला भलत्याच नावाचा तिसरा माणूस. पैशांचा माग बऱ्याचदा नायजेरियाकडे गेल्याचेही तिथे नोंदवले आहे. खऱ्याखुऱ्या वाचकमंडळांची नावे चोरूनही ही पत्रे पाठवली जातात, त्यामुळे नाव शोधल्यावर खरे संकेतस्थळ सापडले, एवढ्यावर विसंबू नये. त्या संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावर आपण होऊन लिहून खात्री करावी.

ईमेलचा मूळ मजकूर उघडून तांत्रिक नोंदी पाहा, असा सल्ला अनेकजण देतात. तो अर्धाच उपयोगी आहे. तिथे एसपीएफ आणि डीकेआयएम (पत्र कोणत्या सेवेतून आले ते तपासणाऱ्या खुणा) यांच्यापुढे 'पास' असे दिसले, तर पत्र खरोखरच त्या ईमेल खात्यातून आले एवढेच सिद्ध होते. खाते उघडणारा माणूस इंग्लंडमधली बाई आहे की आणखी कोणी, हे त्यावरून कळत नाही. पत्ता प्रकाशनसंस्थेच्या नावाचा असेल, तर तो अक्षरन् अक्षर लावून वाचावा. फिलिप्पो बर्नार्दिनी नावाच्या इटालियन तरुणाने अनेक वर्षे संपादक आणि मध्यस्थ असल्याचे भासवून हजाराहून अधिक हस्तलिखिते मिळवली. त्याची युक्ती अशी, की पत्त्यातल्या इंग्रजी 'एम'च्या जागी तो 'आर' आणि 'एन' शेजारीशेजारी लिहीत असे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला. प्रकाशनाच्या धंद्यात मुरलेली माणसे त्याला फसली, तेव्हा आपण फार वाईट वाटून घेऊ नये.

आडवा_प्रश्न (महाड)

माझ्या कादंबरीचा परिचय मी यंत्राकडून लिहून घेतला आहे आणि वृत्तपत्रांना पाठवायचे पत्रही त्याच्याकडूनच सुधारून घेतले आहे. मग मीही लबाडच ठरतो का? या धाग्यात यंत्रावरच सगळा राग निघतो आहे, असे वाटले म्हणून विचारतो. पुरस्काराची पोस्टकार्डे काही यंत्राने लिहिलेली नव्हती.

माजी_ग्रंथपाल (रत्नागिरी)

आपला प्रश्न रास्त आहे. स्वतःच्या पुस्तकाविषयी यंत्राकडून चार बरी वाक्ये लिहून घेणे, हे मला अर्जनविसाकडून अर्ज लिहून घेण्यासारखेच वाटते. न वाचलेले पुस्तक 'वाचले' म्हणून सांगणे आणि त्यावर पैसे मागणे, ही फसवणूक आहे. मग ती हाताने लिहा की यंत्राने.

एक जोड देतो. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) मिळवून देण्याचे पाच-सात हजार रुपये घेणारी 'पॅकेज' मी पाहिली आहेत. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्याचप्रमाणे गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावरच्या याद्यांमध्ये पुस्तक घालून देण्याचे डॉलरमध्ये पैसे मागणारी पत्रेही आली आहेत, आणि त्या याद्यांमध्ये कोणताही सभासद फुकट पुस्तक घालू शकतो. असली सेवा विकणाऱ्याला यंत्र लागत नाही, समोरच्याचे अज्ञान पुरते.

वळेसर (अलिबाग तालुका)

मी आजवर इथे फक्त वाचत आले आहे. हा धागा वाचून लिहावेसे वाटले.

मला आलेले पत्र वाचकमंडळाचे नव्हते, इंग्रजीतल्या एका अतिशय प्रसिद्ध कादंबरीकाराच्या नावाने आले होते. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या बिचाऱ्या लेखकाला याची गंधवार्ताही नसणार. 'तुमचा कथासंग्रह सहज हाती लागला, लिहिणाऱ्याने लिहिणाऱ्याची विचारपूस करावी म्हणून हे पत्र', अशी सुरुवात होती. पैशांचा शब्द नव्हता. आठ दिवस आम्ही लेखनाविषयी बोलत होतो. पाठकोऱ्या कागदावर पहिला खर्डा करण्याची माझी सवय मी सांगितली, तर त्यांनाही तीच सवय निघाली. पहाटे लिहिते म्हटले, तर तेही पहाटेच लिहीत होते. नवव्या दिवशी 'माझी प्रसिद्धी सांभाळणारी व्यक्ती' म्हणून एका बाईंचा पत्ता आला आणि त्या बाईंनी दरपत्रक पाठवले.

मला शंका आली ती त्याआधीच. रात्री पावणेबाराला मी एक दीडपानी पत्र पाठवले, त्यात आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीतल्या एका भांडणाची हकिगत होती. बारा वाजायच्या आत तेवढेच लांब, प्रत्येक परिच्छेदाला परिच्छेद देणारे उत्तर आले. माझा सख्खा भाऊसुद्धा पत्रातल्या सगळ्या मुद्द्यांना उत्तर देत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी थोडा खोडसाळपणा केला. माझ्या संग्रहात नसलेल्याच एका कथेचे नाव घेतले आणि तिचा शेवट आपल्याला कसा वाटला, असे विचारले. त्या नसलेल्या कथेच्या शेवटाने म्हणे ते रात्रभर झोपू शकले नव्हते.

पैसे मी दिले नाहीत, त्यामुळे माझे नुकसान काही झाले नाही, असे घरात सगळे म्हणतात. ते तितकेसे खरे नाही. माझ्या कथांविषयी कोणीतरी सलग पानभर लिहिले, तेही निवांतपणे, हे माझ्या आयुष्यात त्या आठ दिवसांतच घडले. ती पत्रे मी अजून पुसून टाकलेली नाहीत. पुळणीवरचा, आपण 'वकिली' हा शब्द वापरलात तो अगदी नेमका आहे.

नसलेल्या कथेची ही युक्ती मात्र सर्वांनी जरूर करून पाहावी. प्रामाणिक वाचक गोंधळून 'ही कथा मला आठवत नाही' असे म्हणतो. यंत्राला नाही म्हणवत नाही.

भरती_ओहोटी (मूळ दापोली, सध्या पनवेल)

वळेसर ताई, युक्ती उत्तम आहे, पण ती कायमची पुरेल असे धरू नये. ई-पुस्तकाची पूर्ण फाईल यंत्राला दिली, तर ते नसलेली कथा नसल्याचे सांगूही शकते. आज बहुतेक जण तेवढे कष्ट घेत नाहीत इतकेच, कारण परिचयावरच भागते आहे.

हिशेबनीस (चिपळूण)

बँकेत चौतीस वर्षे काढली, त्या अनुभवावरून गेलेल्या पैशांविषयीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हे वाक्य सर्वांना पाठ असते. परंतु ते संरक्षण आपल्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे. आपण स्वतः कार्डाचा क्रमांक घातला, ओटीपी आपणच दिला, तर बँकेच्या लेखी तो व्यवहार अधिकृत ठरतो. फसवून घेतलेली संमती आणि संमतीच नसणे यांत बँक फरक करते, आणि त्यावरून काउंटरवर रडणारी माणसे मी पाहिली आहेत.

तरीही हात टेकू नयेत. कार्डाने पैसे गेले असतील, तर बँकेकडे लेखी तक्रार करून 'ठरलेली सेवा मिळाली नाही' या कारणाखाली व्यवहारावर हरकत नोंदवता येते. तिला मुदत असते, म्हणून आजच जावे. सोबत पूर्ण पत्रव्यवहार, कबूल केलेल्या गोष्टींची यादी, आलेले ते भित्तिपत्रक आणि विवरणपत्रात त्या नोंदीपुढे ज्या नावाने रक्कम गेली ते नाव, हे सारे जोडावे. ज्या संकेतस्थळावरून रक्कम भरली, त्यांच्याकडेही वाद नोंदवण्याची सोय असल्यास तेथेही लिहावे. पत्रे रागाच्या भरात पुसून टाकू नयेत. वळेसर ताईंनी ठेवली आहेत, ते पुरावा म्हणूनही योग्यच आहे.

त्याचबरोबर १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे देशातल्या खात्यात गेले असतील आणि तक्रार काही तासांत झाली असेल, तर ती रक्कम पुढे जाण्याआधी गोठवता येते. परदेशात गेलेल्या रकमेबाबत तशी आशा मी दाखवणार नाही, पण नोंद झालीच पाहिजे. दुसऱ्याचे सोंग घेऊन संगणकाद्वारे फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. पोलीस ठाण्यात 'पुस्तकाच्या जाहिरातीत फसलात, त्यात आम्ही काय करणार' असे ऐकावे लागले, तर ही कलमे शांतपणे उच्चारावीत.

ज्यांचे अजून काही गेलेले नाही, त्यांनी आपल्या कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवावेत. ऑक्टोबर २०२० पासून नवे कार्ड मुळात देशांतर्गत वापरापुरतेच सुरू असते आणि बाकीची सोय आपण चालू-बंद करू शकतो. भाच्यांच्या आग्रहाने ती चालू केली जाते आणि मग तशीच राहते.

परीक्षणे विकत घेण्याचा जो दुसरा प्रस्ताव आला होता, तो टळला हे फार बरे झाले. पैसे देऊन परीक्षणे लिहून घेणे ॲमेझॉनच्या नियमांत बसत नाही आणि अमेरिकेत तर ऑक्टोबर २०२४ पासून खोट्या परीक्षणांच्या खरेदी-विक्रीवर केंद्रीय नियमानेच बंदी आहे. त्यात लेखकाचेच खाते अडकले असते.

आणखी एक सूचना. महिन्या-दोन महिन्यांत 'तुमचे बुडालेले पैसे वसूल करून देतो' असे सांगणारा कोणी वकील किंवा तपास अधिकारी म्हणून लिहील. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. त्याला उत्तरही देऊ नये.

पुळणीवरचा (वेंगुर्ले तालुका)

सर्वांचे मनापासून आभार. बँकेत जाऊन आलो. हरकतीचा अर्ज दिला असून त्याची पोच मिळाली आहे. १९३० वरही तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक आला आहे. पुढे काय होते ते याच धाग्यात कळवीन.

हिशेबनीस साहेब, आपण महिना-दोन महिने म्हणालात, ते पत्र काल सकाळीच आले. न्यूयॉर्कमधले वकील आहेत, लेखकांची लूट पाहून त्यांचे हृदय पिळवटते आणि नोंदणीसाठी फक्त ७५ डॉलर घेतात. माझ्या फसवणुकीची रक्कम त्यांनी डॉलरमध्ये अचूक लिहिली होती, जी मी या धाग्याखेरीज घरी आणि बँकेतच सांगितली आहे. आणि अर्थातच, ज्यांनी घेतली त्यांना ती ठाऊक आहे.

या गडबडीत एक गोष्ट माझ्या हातून राहून गेली होती, तीही सांगतो. त्या इंग्लंडच्या बाईंशी पत्रव्यवहार रंगात आला होता, त्याच आठवड्यात मराठीतले एक ईमेल आले होते. पाच ओळींचे होते, नमस्काराचा मायनाही धड नव्हता. देवगडकडच्या कोणा गृहस्थांनी लिहिले होते, की आपण पान ६१ वर पौर्णिमेच्या कुर्ल्या (खेकडे) भरलेल्या असतात असे लिहिले आहे ते साफ चुकीचे आहे, कुर्ल्या अमावस्येच्या भरलेल्या असतात, हे किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला माहीत नसावे याचे आश्चर्य वाटते. मला तेव्हा राग आला होता आणि मी उत्तर दिले नव्हते. माजी_ग्रंथपालांचा प्रतिसाद वाचल्यावर ते पत्र पुन्हा शोधून काढले. पान ६१ उघडून पाहिले. चूक माझीच आहे, आणि ती परिचयात कुठेही नाही, पुस्तक उघडल्याशिवाय सापडणारच नाही.

त्यांना काल उत्तर पाठवले आणि दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करीन असे कळवले. माळ्यावर १७८ प्रती आहेत, हे कळवले नाही.